शेपटीवरचं नख

मी अर्धा बोलतोय. डावा अर्धा. उजवा काचेच्या डबीत असतो, त्याचे फोटो निघतात; त्याला बोलायला सवड नाही.

डोंगरातल्या मातीला माती व्हायला लाखो वर्षं लागतात. मला आठ दिवस लागले. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत गोपिका नावाच्या पोरीनं दोन पांढऱ्या भुकट्या पाण्यात कालवल्या आणि जाड पोलादी भांड्यात घट्ट बंद करून तापत ठेवल्या. झाकण उघडलं तेव्हा आत मी. बिनडोंगराची माती! खोटं वाटत असेल तर डोंगराला विचारा, तो अजून फुगून बसलाय.

असं भांडं-भांडं करत तीन वर्षांत मूठभर माती साठली. तिचे पाच लांबट तुकडे पाडले आणि खाणीतल्या मातीचे पाच. कोणते जास्त ताकदीचे, यावर गोपिकाचा प्रबंध अडला होता. तिनं मार्करनं प्रत्येकावर नाव लिहिलं आणि आम्हाला चौदाशे अंशांच्या भट्टीत सारलं.

शाई जळून गेली. बाहेर काढताना थाळी कलली, रांगही मोडली. दहाही जण सारखेच पांढरे. मी कोण ते मला ठाऊक होतं, पण भाजून असा बधिर झालो होतो की ओरडावंसंही वाटेना.

गोपिका स्टुलावर बसून राहिली. तिचे मार्गदर्शक विश्वनाथ सर हळूच म्हणाले, "मोडून पाहू. जे जास्त टिकतील ते आपले म्हणू."

"मग मोडायचे तरी कशाला, सर?"

भट्टी सांभाळणारा लहानू दाराशी चुळबुळत होता. "मॅडम, तुम्ही हात लावू नका म्हनलं होतं," तो म्हणाला. "मी लावला."

लहानूचा बाप कवेलू, म्हणजे छपराची कौलं, करायचा. गावच्या भट्टीत चार घरांची कवेलू एकत्र भाजत, म्हणून आपली ओळखू यावीत यासाठी जो तो ओल्या कवेलूच्या शेपटीवर, म्हणजे टोकाला, नख रुतवायचा. त्या सवयीनं लहानूनं गोपिकाच्या पाचही ओल्या तुकड्यांच्या शेपटीवर अंगठ्याचं नख उमटवलं होतं.

सरांनी भिंग लावलं. खुणा होत्या. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, कारण जिथं खळगा तिथूनच तडा जातो. पण शेपटी यंत्राच्या टेकूबाहेर राहते आणि भार पडतो मधोमध. म्हणून सरांनी खुणा चालवून घेतल्या.

आधी खाणीवाले मोडले, मग आमच्यातले चौघे. मी शेवटचा. दुखलं का, विचाराल. नाही. टक् झालं आणि मी दोन झालो, बरोबर मध्यात. गोपिकानं आकडा दोनदा वाचला. आम्ही पाचही जण खाणीवाल्यांपेक्षा जास्त टिकलो होतो. मग ती लहानूला एवढंच म्हणाली, "काका, पुढच्या खेपेला विचारून हात लावा. पण लावा."

आता मी लहानूच्या टेबलावर कागद दाबून असतो. बरं-वाईट काही वाटत नाही. रोज डबा खाल्ला की तो मला उचलतो आणि अंगठ्याचं नख त्या खुणेत घालून पाहतो. बसत नाही, भट्टीत मी आक्रसलो.

"काहून कमी झाला गा तू?" तो विचारतो.

कधी मला टाकून द्यायची वेळ आली तर द्या खुशाल. फक्त त्याआधी त्याला एकदा नख घालून पाहू द्या.