एक अक्षर बदललं

कुमुदिनीबाई इंदूरच्या कॉलेजात एकतीस वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवून रिटायर झाल्या, त्याच वर्षी त्यांच्या मुलाला, मुकुलला, फिट आली. तो महूच्या शाळेत गणित शिकवायचा, तिथेच खोली घेऊन एकटा राहायचा. भर वर्गात कोसळला. मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात आलं: आयडीएच-वन म्यूटेशन.

आयडीएच-वन हे बाईंच्या ओळखीचंच एन्झाइम. पेशीच्या पोषणातलं एक साधं काम करणारं. मुकुलच्या गाठीत त्याच्या जीनचं एक अक्षर बदललं होतं आणि ते भलतंच रसायन बनवत सुटलं होतं. ते रसायन साचत गेलं की पेशी आपलं काम शिकतच नाहीत, नुसत्या वाढत राहतात.

डॉक्टर म्हणाले, हे म्यूटेशन असलेले पेशंट नसलेल्यांपेक्षा जास्त जगतात. मुकुलच्या वडिलांनी, लक्ष्मीकांतरावांनी, तेवढंच धरून ठेवलं. नातेवाइकांना फोनवर सांगू लागले, "अच्छी वाली गाठ आहे, चिंता नको." जास्त म्हणजे साधारण किती, ते बाईंना ठाऊक होतं. तो आकडा त्यांनी नवऱ्याला सांगितला नाही.

पाच वर्षं बरी गेली; मुकुल पुन्हा महूला राहून शिकवत होता. मग गाठ उलटली, आणि उग्र होऊन. त्या एन्झाइमला रोखणारी नवी गोळी निघाल्याचं बाईंनी वाचलं होतं. डॉक्टर म्हणाले, ती संथ गाठीसाठी. आता वेळ गेली.

मुकुलला इंदूरला आणलं. त्याला शब्द सापडेनासे झाले होते. एका दुपारी त्याने अडखळत विचारलं, "आई, हे तुझ्याकडून आलं की बाबांकडून? सच बता."

"कुणाकडूनच नाही. मागे कधीतरी एका पेशीत आपोआप झालं."

"कशामुळे?"

"कशामुळेच नाही रे."

"कुछ तो होगा," म्हणत तो भिंतीकडे वळला. बाईंनीही कारण शोधून पाहिलं होतं. स्वतःची एखादी चूक सापडली असती तरी त्यांनी आनंदाने पदरात घेतली असती.

फाल्गुनात मुकुल गेला. तेराव्यानंतर घर रिकामं झालं, तेव्हा लक्ष्मीकांतरावांनी विचारलं, "तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"मला सांगितलं असतंस, तर मी महूला जाऊन त्याच्याजवळ राहिलो असतो."

ते उठून दुसऱ्या खोलीत गेले. बाई त्यांच्यामागे गेल्या नाहीत.