सुतकातली दाढी

"आवं दाजी, काय करताय हे?"

चंद्रभान अंथरुणात अर्धवट उठून बसला होता. पहाटे वीज गेली होती, म्हणून खंडेरावांनी आरसा कोपऱ्यातल्या दिव्याजवळ नेऊन भिंतीला टेकवला होता आणि गालांना साबण लावला होता. तो दिवा त्यांच्या बायकोचा, सोजराबाईंचा होता. त्यांचा प्राण गेला त्या जागी पीठ पसरून परवाच लावलेला. दहा दिवस तो विझू द्यायचा नव्हता.

"दाढी," खंडेराव म्हणाले.

"दिसतंय मला, आंधळा न्हाई मी. माझ्या भणीची राख अजून गार झाली न्हाई आन् तुमी नवरदेवावानी गाल घोटताय? सुतक काय असतं ते पलटणीत शिकवलं न्हाई व्हय?"

"पलटणीत दाढीच शिकवली."

"मग राहा पलटणीतच! दहाव्याला न्हाव्याला काय देनार? त्येच्याम्होरं कोरं त्वांड घिऊन बसनार?"

वस्तरा कानशिलापासून खाली आणताना खंडेरावांचं कोपर हललं आणि ज्योत फडफडली. तशी उषा उठली. रडून तिचे डोळे सुजले होते. तिने एका हाताने ज्योतीला आडोसा केला, दुसऱ्या हाताने आरसा उचलून बापाच्या तोंडासमोर धरला. मामाकडे तिने पाहिलं नाही, बापाकडेही नाही.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गेटावर खंडेराव पहारेकरी होते. कारखान्याचे दोन विभाग बंद पडले, पहाऱ्याचं कंत्राट नव्या माणसाकडे गेलं, आणि निम्मे पहारेकरी कमी होणार हे चहाच्या टपरीवरसुद्धा ठाऊक झालं. नव्या कंत्राटदाराने एक निवृत्त कॅप्टन नेमला होता. रोज सकाळी तो सगळ्यांना रांगेत उभं करी आणि दाढी, केस, नखं, बूट, पट्ट्याचं पितळ पाहत पुढे जाई. कोण राहणार आणि कोण जाणार, हे तो दहा-बारा दिवसांत ठरवणार होता. राहायची खोली कारखान्याची होती आणि उषा पालघरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. दोन्ही त्या रांगेवर टांगलेलं होतं.

असली रांग खंडेरावांनी आधी पाहिली होती. लढाई संपल्यावर त्यांची पलटण कमी करायला घेतली, तेव्हा शेजारच्या खाटेवरचा नामदेव तापाने फणफणत, दाढीचे खुंट घेऊनच परेडला उभा राहिला होता. पुढच्याच आठवड्यात त्याची ट्रंक बाहेर पडली. माणसं कमी करायची असली की आधी तोंड बघतात, आणि सुट्टी मागणारा सगळ्यांत आधी जातो, एवढं खंडेराव त्यातून शिकले. पुढे त्यांनाही घरी पाठवलंच. तेव्हा त्यांनी दोष दिला तो आपल्या पट्ट्याच्या पितळेला. नीट घासलं नव्हतं म्हणाले. सोजराबाईंनी ते ऐकून घेतलं होतं आणि जन्मभर त्यांचा कामावरचा पट्टा रात्री चिंचेने घासून ठेवला होता.

आता पितळ काळवंडलं होतं. खंडेरावांनी ते स्वतः घासलं.

गेटावर उमरोळीचा पहारेकरी चिंतू त्यांना पाहून चरकला. तो जेमतेम तिशीचा होता, आणि तिरडीला खांदा देऊन आलेला होता.

"नाना, तुमी कशाला आलात? घरा जा. मी सायबाला सांगतू."

"सांगायचं नाही."

"तो काय मानूस नाय? मावशीच्या हातची भाकर खाल्ली हाय मी. गप कसा ऱ्हाऊ?"

"तिची शपथ आहे तुला."

चिंतू आपल्या हनुवटीवरून हात फिरवत उगाच म्हणाला, "माजी दाढी बगा, भात कापल्यावं खुंट ऱ्हातात तशी. सायब मनाला, कल से चिकना आना. मी काय लगीन करायला येतू का इथं?"

खंडेराव हसले. हसताना गालावरची ताजी कातडी ताणली गेली आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

त्यानंतर रोज पहाटे तेच. चंद्रभान भिंतीकडे तोंड करून पडून राही आणि उषा आरसा धरी. खंडेराव तोंड धुऊन दिव्यात तेल घालत आणि मग बूट चढवत. रांगेत कॅप्टन त्यांच्यासमोर क्षणभर थांबे, मान हलवी आणि पुढे जाई. त्या मान हलवण्यावर ते दिवस ढकलत होते.

नवव्या दिवशी कॅप्टनने त्यांना आपल्या खोलीत बोलावलं आणि बसायला सांगितलं. खंडेराव उभेच राहिले.

"खंडेराव, टर्नआउट में, दाढ़ी-वर्दी में, आप एक नंबर. सच कहता हूँ. पर कंपनी को पचास के नीचे के आदमी चाहिए. यह तो पहले दिन से तय था."

"जी साब."

"और यह चिंतू आज बोल रहा था, आपकी घरवाली..." कॅप्टनने हातातलं पेन खाली ठेवलं. "बताया क्यों नहीं? छुट्टी दे देता. मैं तो रोज आपका चेहरा देखता था. लगता था, घर में सब ठीक है."

खंडेरावांनी सॅल्यूट केला. टोपी आणि पट्टा टेबलावर ठेवला. चिंतू कामावर राहिला होता. तो गेटाशी त्यांच्याकडे पाठ करून उभा होता, त्यांनी त्याला हाक मारली नाही.

उषाने दार उघडलं. बापाचं उघडं डोकं तिने पाहिलं.

"काय म्हणाले, आबा?"

"एक नंबर म्हणाले."

त्या संध्याकाळी दिव्यात तेल तिनेच घातलं.

दहाव्याला सगळे मासवणला, सूर्या नदीच्या काठी जमले. गावाकडची चार माणसं आली होती. चंद्रभान त्यांच्यात उभा होता. न्हाव्याने खंडेरावांना पाटावर बसवलं आणि आधी डोकं केलं. पलटणीच्या सवयीने आखूड ठेवलेले पांढरे केस चिखलात पडले. मग त्याने गालाला पाणी लावलं आणि बोट फिरवता फिरवता थांबला. त्याने चंद्रभानकडे पाहिलं. चंद्रभानने नदीकडे तोंड फिरवलं.

न्हाव्याने रीतीपुरता साबण लावला आणि वस्तरा कानशिलापासून हनुवटीपर्यंत आणला. मग तळहातावर पुसला. फेस पांढराशुभ्र होता. त्यात केस म्हणावा असा एकही नव्हता.

"झालं, नाना," तो हळूच म्हणाला.

खंडेराव उठले नाहीत. त्यांनी मान वर केली, गाल पुन्हा त्याच्यापुढे केला.

"परत फिरव," ते म्हणाले. "नीट बघ. असेल कुठंतरी."