मालक थांबतात ती जागा

"हितंच. हितंच बगा आता," असं म्हणून बनाबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

काउंटरवर वहीएवढा सीडी प्लेअर उघडा पडला होता. पडद्यावर लग्नाचा मांडव, त्यात पिवळा फेटा बांधलेले बनाबाईंचे मालक गुंडूतात्या आणि त्यांच्या हातात माइक. तात्यांनी घसा खाकरला, उजवा हात वर केला आणि चित्र थांबलं. मग तोंडाचे चौकोनी तुकडे झाले. ‘जे... जे... जे...’ असा तुटका आवाज आला आणि प्लेअरच्या आत काहीतरी कुरकुरायला लागलं.

बुद्धभूषणनं प्लेअर आपल्याकडं ओढला. तीन वर्षांपूर्वी, बनाबाईंच्या मुलीच्या, स्नेहलच्या लग्नाचं शूटिंग त्यानंच केलं होतं आणि ही सीडीही याच दुकानात, लक्ष्मीपुरीतल्या दहा बाय आठच्या खोलीत तयार झाली होती.

"कवापास्नं असं होतंय, मावशी?"

"म्हैना झाला. आदी जरा अडकायची, परत चालायची. आता तर तितंच मुक्काम." बनाबाईंनी पदरानं पडदा पुसला. "जावयानं ह्यो पिलेअर दिला. आमच्याकडं मलकापूरच्या अंगाला लाइट कवा आसती? ह्यो आपला बॅटरीवर चालतोय. रोज सांजच्याला बगतो मी. मालक जाऊन दीड वरीस झालं."

"मग आजच कसं आलासा?"

"रैवारी स्नेहल येतीया पोराला घिऊन. नातू बोलाय लागलाय. त्यो व्हायच्या आदीच आज्जा गेला. त्येला आज्ज्याचा आवाज तरी ऐकवावा म्हंटलं. फोटू हाय घरात, पर फोटू बोलत न्हाय की."

एवढं बोलून बनाबाई स्टुलावर निवांत बसल्या आणि ज्याची बुद्धभूषणला धास्ती होती, नेमकं तेच म्हणाल्या.

"न्हायतर ऱ्हाऊ द्या. तुमच्याकडं मूळ कॅसेट हाय न्हवं? त्यातनं दुसरी काडा. तुमीच म्हंटला हुतासा, जपून ठेवतो म्हणून."

"व्हय... असंल की. आधी हीच बघूया."

बुद्धभूषण वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. लहानपणी मास्तरांना भ्यायचा, मोठेपणी गिऱ्हाइकाला. आणि सगळ्यात जास्त भ्यायचा तो ‘नाही’ म्हणायला. त्याची बायको रूपाली म्हणायची, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आणि तुमच्यापाठी दोन." शूटिंगच्या धंद्यात रीत अशी की गिऱ्हाइकानं घरच्यांबरोबर सीडी बघायची, ‘चांगली झालीया’ म्हणायचं आणि त्यानंतर तीच कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायची. कॅसेट महाग. एकेका कॅसेटवर दहा-दहा लग्नं लागायची. सगळेच तसं करायचे. पण गिऱ्हाइकानं "कॅसेट ठेवताय न्हवं?" असं विचारलं की बाकीचे सरळ नाही म्हणायचे, आणि बुद्धभूषण म्हणायचा, "ठेवतो की, काळजी सोडा." तेवढ्यापुरती वेळ मारून नेता यायची. स्नेहलच्या लग्नाच्या कॅसेटवर पुढच्याच आठवड्यात कुणाची तरी हळद उतरली होती.

सीडी बाहेर काढून त्यानं उलटी केली आणि तो चपापला. चकचकीत बाजूवर लालभडक ठिपका होता, बोटाच्या टोकाएवढा.

"हे काय, मावशी?"

"कुकू. रोज लावते. फोटूला लावते तसं."

"ह्या बाजूला?"

"मग? आपलं तोंड दिसतंय त्या बाजूत. तोंडाची बाजू तीच म्हंटलं." बोलता बोलता बनाबाईंचा आवाज बारीक झाला. त्यांनी आपलं बोट डोळ्यांपुढं धरलं. "त्येनंच झालं व्हय? माझ्या हातनंच?"

साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून बुद्धभूषणनं ठिपका पुसला, मधून कडेकडे, हलक्या हातानं. सीडी कोरडी करून प्लेअरला लावली. तात्यांनी घसा खाकरला, हात वर केला आणि थांबले. जे... जे... जे...

मग तो सीडी घेऊन दारात गेला आणि उन्हासमोर धरली. वरच्या बाजूला त्याच्या दुकानाची शान होती: गोल कागद, त्यावर लग्नाच्या हारांतल्या स्नेहल आणि नवरदेव अमरसिंह यांचा रंगीत फोटो. हा कागद चिकटवायची टूम त्याचीच. गिऱ्हाईक खूश व्हायचं. सीडीचा माल देणारा सांगून थकला होता की कागद चिकटवू नका, उन्हानं आक्रसतो. आता कडेला कागद सुटला होता, आणि सुटताना खालची चांदी घेऊन सुटला होता. बाजरीच्या दाण्याएवढ्या भोकातून ऊन आरपार येत होतं.

सगळं लग्न त्या पातळ चांदीतच असतं. मधून सुरू होतं आणि कडेला संपतं. सुरुवातीला साखरपुडा, मग अक्षता, आणि अगदी कडेला, जेवणाच्या आधी, तात्यांचे दोन शब्द. दाण्याएवढं भोक नेमकं तिथंच पडलं होतं.

मागं वळून पाहिलं तर बनाबाई अजून बोटाकडंच बघत होत्या. कुंकवानं झालं म्हणून सांगितलं तर? बाई स्वतःलाच दोष देत निघून जाईल, कॅसेटचं नाव काढणार नाही. सांगायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं. या विचाराची त्याला फार लाज वाटली. तरी तो गप्पच राहिला.

"कॉम्प्युटरवर उतरवून बघतो," एवढंच म्हणाला.

साडेबारा वाजले होते. दोनला लाइट जाणार, ठरलेलं भारनियमन. त्यानं सीडी कॉम्प्युटरमध्ये सरकवली आणि वेग अगदी कमी केला. तरी आत गेल्यावर कागदाची सुटलेली कड कशाला तरी घासायला लागली. खर्र... खर्र... कागद पुरता सुटला तर उरलेली चांदीही घेऊन जाईल. मग अक्षता नाहीत, स्नेहल नाही, तात्या तर नाहीतच. पडद्यावर आकडा सरकत होता. साठ. सत्तर. बनाबाई पदराचं टोक मुठीत धरून त्या आकड्याकडं बघत होत्या. त्यांना आकड्यातलं काही कळत नव्हतं, पण बुद्धभूषणच्या तोंडाकडं बघून जे कळायचं ते कळत होतं.

ब्याण्णव. त्र्याण्णव. चौऱ्याण्णववर आकडा थांबला. खर्र. परत पहिल्यापासून प्रयत्न. परत चौऱ्याण्णव. तीन वेळा तसंच. शेवटी त्यानं तेवढा तुकडा सोडून पुढचं घेतलं आणि नवीन सीडी तयार केली. वर कागद चिकटवला नाही. पेननं नुसतं ‘स्नेहल’ लिहिलं.

नवी सीडी प्लेअरमध्ये लोण्यासारखी चालली. तात्यांनी घसा खाकरला, हात वर केला, तोंड उघडलं, आणि पुढच्या क्षणी लोक पंगतीत भात कालवत होते.

"आणि बोलल्यालं?" बनाबाईंनी विचारलं.

"ते गेलं, मावशी."

"मग कॅसेट काडा की."

बुद्धभूषणनं काउंटरची कड धरली. बाहेर रस्त्यावर रिक्षा होत्या, माणसं होती, कुणीतरी गिऱ्हाईक आत यावं असं त्याला फार वाटलं. कुणी आलं नाही.

"कॅसेट न्हाय. लग्नानंतर आठ दिवसांतच पुसली. खोटं बोललो मी. तवाबी आणि आताबी. न्हाय म्हणायला भ्यालो."

त्यानं जुनी सीडी काउंटरवर ठेवली.

"आणि कुंकवानं काय झालेलं न्हाय. ह्यो फोटोचा कागद मी चिकटवला, त्यानं झालं."

बनाबाई ओरडतील, शिव्या देतील, चार माणसं गोळा करतील, असं सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. पण त्यांनी बोट लुगड्याला पुसलं.

"म्हंजे माझ्या बोटानं न्हाय."

"न्हाय."

"रोज लावत हुते ओ मी. मगाधरनं जीव नुसता..." मग एकदम कडक आवाजात म्हणाल्या, "तवाच न्हाय म्हंटलं आस्तं तर आमीच कॅसेट इकत घेटली आस्ती. एक बोकड कमी कापला आस्ता."

बुद्धभूषणनं भीत भीत विचारलं, "तात्या काय बोलले होते?" शूटिंग त्यानं स्वतः केलं होतं, पण शेकडो लग्नांत त्याला काहीच आठवत नव्हतं.

"काय बोलत्यात? तुमी माइक दिलासा, दोन शब्द बोला म्हंटलासा. हात बगितलासा न्हवं, कसा थरथरत हुता. कॅमेऱ्याला भ्यालं हुतं." बनाबाईंनी मान वळवली. "‘जेवल्याबिगर कुनी जायाचं न्हाय.’ एवढंच."

त्या उठल्या. नवी सीडी पिशवीत ठेवली आणि हात पुढं केला. "जुनीबी द्या."

"ती अडकणार, मावशी. आता तर जास्तच."

"अडकू दे. नव्यात मालक थांबतच न्हाईत."

बुद्धभूषणनं कागदाची सुटलेली कड बोटानं हलकेच दाबली आणि सीडी दिली. बनाबाईंनी ती तिथंच लावून बघितली. तेवढ्यात दोन वाजले. पंखा थांबला, कॉम्प्युटर बंद पडला, खोलीत अंधारून आलं. बॅटरीवरचा तेवढा पडदा उजळ राहिला. त्यात तात्या हात वर करून उभे होते.

"जे... जे... जे..."

"व्हय, व्हय," बनाबाई म्हणाल्या. एसटीला अजून वेळ होता. त्या परत स्टुलावर बसल्या.