दावा क्रमांक सात

प्रबंधाचा चौथा भाग परत आला तेव्हा त्याच्या समासात लाल शाईची एकच ओळ होती: इथे सगळे बोलतात, तुम्ही काय म्हणता?

सेर्वा बोआडी अडतीस वर्षांची होती, घानामधल्या कुमासी शहरात एका शाळेत इतिहास शिकवायची. प्रबंधाला विद्यापीठाने दोनदा मुदत वाढवून दिली होती. आता हातात एक महिना होता, नाहीतर सहा वर्षांची मेहनत पाण्यात. मार्गदर्शक लार्ती मॅडम म्हणाल्या की इंग्रजी झकास आहे, संदर्भ चोख आहेत; पण विधवांना कोकोच्या मळ्यांतून काढलं हे न्यायाचं होतं की नव्हतं, ते शेवटपर्यंत कळत नाही.

"तीस पंडित उभे केलेत," त्या म्हणाल्या, "आणि स्वतः त्यांच्या मागे लपलात."

खरं तर ट्वी या आपल्या भाषेत सेर्वा कोणाला ऐकायची नाही. बाजारातल्या टोमॅटोवाल्यासुद्धा तिला वचकून असत. पण इंग्रजी लिहायला बसली की तिचा सगळा तोरा उतरायचा. 'अमुकांच्या मते', 'असे मानले जाते', 'याबाबत मतभेद आहेत'. दर वाक्यात ताकाला जाऊन भांडं लपवायची. शाळेत शिकवलं होतं की इंग्रजीत आपलं मत घुसवणं हा उद्धटपणा. घरचं शिक्षण त्याहून पक्कं, कारण ती ओचामेची मुलगी.

त्यांच्याकडे गावचा राजा चारचौघांत थेट बोलत नाही. तो पुटपुटतो आणि शेजारी काठी घेऊन उभा असलेला ओचामे ते शब्द सजवून लोकांना सांगतो. सेर्वाच्या बाबांनी, ओचामे बोआडींनी, ती काठी चाळीस वर्षं धरली. 'वाईट राजा नसतोच, असतो तो वाईट ओचामे' अशी म्हणच आहे. म्हणजे निकाल गोड लागला तर राजाचा, कडू लागला तर बोलणाऱ्याचा. त्या घरात 'मला असं वाटतं' हे वाक्य कोणी कधी ऐकलंच नव्हतं.

आणि प्रबंधातल्या विधवांच्या दाव्यांपैकी दावा क्रमांक सात त्याच घरातला होता. सेर्वाने गाव गाळलं होतं, नावं गाळली होती. ती 'सातवी विधवा' म्हणजे बाबांची सख्खी बहीण, अंपोमा आत्या. नवऱ्याच्या बरोबरीने तिने अठरा वर्षं कोको लावला, जगवला. नवरा गेला आणि आईकडून वारसा चालवणाऱ्या चालीप्रमाणे मळा त्याच्या भाच्याकडे गेला. आत्या राजाच्या अंगणात दाद मागायला आली. निकाल सांगितला तो तिच्या भावानेच. आठ वर्षांची सेर्वा आत्याचं वस्त्र धरून उभी होती. बाबा इतकं देखणं बोलले की लोकांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून आत्या भावाशी बोलली नाही. पुढे कायदा विधवांच्या बाजूने बदलला, पण तिच्या मळ्याला त्याचा काय उपयोग?

त्या शनिवारी सेर्वा गावी गेली. बाबा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते, तोंडाची एक बाजू लोंबत होती. ज्या जिभेवर गावाने प्राण ओवाळले, तिला आता पाणी मागायलाही कष्ट पडत. सेर्वाने त्यांना लार्ती मॅडमचा प्रश्न सांगितला आणि विचारलं, त्या दिवशी राजा नेमकं काय म्हणाला होता?

बाबांनी चांगल्या हाताची दोन बोटं वर केली.

"दोन शब्द," ते म्हणाले. "भाच्याला दे."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं माझं. नदी, मुळं, पूर्वजांची सावली... सगळं माझं."

"तुम्हाला काय वाटत होतं, बाबा?"

"मला कोणी विचारलं नव्हतं, बाळ." त्यांच्या डोळ्याला धार लागली, आजाराची की दुसऱ्या कशाची, कोण जाणे. "चूक होतं ते. अंपोमाला सांग. माझ्या वतीने सांग."

बापाने तिलाच आपली ओचामे केलं होतं.

आत्याचं घर चार वळणांवर. ती ओट्यावर बसून भुईमूग सोलत होती. सेर्वाने निरोप सांगितला, जसाच्या तसा, एक शब्द न सजवता. आत्याचे हात थांबले.

"माफीसुद्धा दुसऱ्याच्या तोंडून," ती म्हणाली. "बरं. आणि तू? तू तिथेच होतीस, माझं वस्त्र धरून. तू काय म्हणतेस?"

तोच प्रश्न. या वेळी लाल शाई नव्हती, इंग्रजी नव्हतं. सेर्वाने तोंड उघडलं आणि तिच्याच कानांवर शब्द पडले, "आत्या, त्या काळी चाल अशी होती, जाणती माणसं म्हणतात की..."

आत्याने पुढची शेंग उचलली. सेर्वा परत फिरली. वाटेत तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ओळखीच्या बाईने हाक मारली तरी ती थांबली नाही.

अकराव्या दिवशी बाबा गेले. सारं गाव शोकाच्या काळ्या-तांबड्या वस्त्रांत लोटलं, दुसऱ्या ओचामेंनी त्यांच्या वाणीचे गोडवे गायले. सेर्वाची नजर सारखी फाटकाकडे जात होती. आत्या आली नाही.

मुदतीला पाच दिवस उरले असताना सेर्वाने चौथ्या भागाचं शेवटचं पान फाडलं. सातव्या विधवेचं नाव लिहिलं, निकाल सांगणाऱ्याचं लिहिलं, तो आपला बाप होता हेही लिहिलं. मग एक वाक्य लिहिलं आणि त्याच्यामागे कोणालाच उभं केलं नाही. त्या एका वाक्याला अख्खी दुपार लागली. लार्ती मॅडमनी त्याखाली रेघ ओढून लिहिलं: आता तुम्ही बोललात. पदवी मिळाली. शाळेत सगळ्यांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं, आणि सेर्वाला त्यातलं काहीच गोड लागलं नाही.

बांधलेली प्रत घेऊन ती आत्याकडे गेली. आत्याला इंग्रजी येत नव्हतं, ट्वीही वाचता येत नव्हती. तिने पुस्तक मांडीवर उलटं ठेवलं आणि विचारलं, यात काय आहे?

सेर्वा ओट्याच्या पायरीवर बसली. तिने त्या इंग्रजी वाक्याची ट्वी केली.

"अंपोमाचा मळा अंपोमाचाच होता. तो काढून घेतला हा अन्याय झाला, आणि माझ्या बापाने तो गोड करून सांगितला."

"हे कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

पुस्तकाच्या पाठीवरून आत्याचा हात फिरत होता.

"तुझ्या बापाने हेच किती छान सांगितलं असतं," ती म्हणाली. "छान मला कधीच नको होतं गं."

मग तिने वस्त्राचं टोक तोंडाला लावलं आणि ज्या भावाशी तीस वर्षं बोलली नव्हती, त्याच्यासाठी ती रडली.