गाडी का कलली होती

"बाळा, आहेस ना आत?" तोलमहाराजांनी विचारलं आणि पांढरी गाडी चालकाच्या बाजूला खाली दबली.

गॅरेजसमोर जमलेल्या पन्नास-साठ माणसांनी एकदम श्वास रोखला. शिंपीणबाईंनी हात जोडले. किराणा दुकानदार टाचा उंचावून बघू लागला. इंजिन बंद होतं, आत चिटपाखरू नव्हतं. चालकाचं दार तेवढं उघडं होतं आणि त्या दारात, पायघोळ झगा सावरत, महाराज उभे होते.

"आईजवळच आहेस ना?"

गाडी पुन्हा दबली.

"बघा! आत्म्याला वजन नसतं म्हणणाऱ्यांनो, डोळे उघडून बघा! ज्याची माया तुटते तो हलका होतो, वर जातो. ज्याची माया उरते तो जड होतो, बसून राहतो. माया म्हणजे भार! भार म्हणजे आधार! आणि आधार म्हणजे?"

"माया!" लोक ओरडले.

या बोलण्याला शेंडा होता ना बुडखा, पण माना मात्र डोलल्या. हे महाराज पूर्वी एका गोदामात वजनकाट्यावर बसायचे. मापात पाप केलं म्हणून तिथून त्यांना काढलं, तेव्हापासून ते आत्मे तोलू लागले. या धंद्यात काटा तपासायला कुणी येत नाही.

गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून मिस्त्रीची बायको स्टुलावर बसली होती. ती हसत होती. तिचं हसणं बघवत नव्हतं म्हणून मिस्त्री मागे पान्यांच्या फळीकडे तोंड करून उभा होता. गॅरेज त्याचं, वरच्या दोन खोल्यांतलं घरही त्याचं. गाडी मात्र त्याच्या मुलाची, बारक्याची.

बारक्या एकवीस वर्षांचा. गाडी जमिनीलगत बसलेली दिसावी, याचं त्याला भारी वेड. पैपै साठवून त्याने आखूड स्प्रिंगा आणल्या आणि एका रविवारी बापलेकांनी त्या बसवल्या. चालकाची बाजू बापाने केली, पलीकडची लेकाने. गाडी जॅकवरून उतरवली तर सरळ बसेना. चालकाची बाजू बोटभर खाली.

"आता दमलो. उद्या बघू," मिस्त्री म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी बारक्याला ताप भरला. अकराव्या दिवशी मिस्त्री दवाखान्यातून एकटाच घरी आला.

महिनाभर त्या गाडीकडे कुणी फिरकलं नाही. मग एक दिवस गॅरेज झाडताना आई थबकली. "अहो, बघा ना. तो बसायचा तीच बाजू दबली आहे. आत कुणी बसल्यासारखी."

मिस्त्रीने "हं" केलं आणि हातातलं काम पुढे चालू ठेवलं. त्या "हं"नेच घात केला. आईने शिंपीणबाईंना सांगितलं, शिंपीणबाईंनी महाराजांना गाठलं, आणि बघता बघता दर गुरुवारी गॅरेजसमोर जत्रा भरू लागली. महाराजांनी आता गॅरेजमध्येच आसन मांडायचं ठरवलं होतं. पाने वाजले की म्हणे आत्म्याला त्रास होतो.

त्या आठवड्यात मुलगी माहेरी आली. बारक्याची थोरली बहीण, एका दवाखान्यात नर्स. आईच्या पायाला मुंग्या येत होत्या, जीभ कोरडी पडली होती आणि ती तासाला दोनदा उठत होती. मुलीने फ्रीज उघडला. इन्सुलिनची बाटली सीलबंद होती. तिने आईचं बोट टोचून साखर तपासली. यंत्रावर आकडा आला चारशे ऐंशी.

"आई, सुई कधीपासून बंद केलीस?"

"झाले बारा-तेरा दिवस." आईने बोट मुठीत लपवलं. "महाराज म्हणाले, मला टोचलं की त्याला टोचतं. शेवटी किती टोचलं गं त्याला! हातावर जागा उरली नव्हती. आता माझ्यामुळे आणखी नको."

मुलीने यंत्र बंद केलं. मग ती जिना उतरून खाली गेली. मिस्त्री गाडीजवळ उकिडवा बसला होता.

"बाबा, ही गाडी का कलली आहे?"

त्याने चाकावरची धूळ पुसली.

"तीस वर्षं गाड्या दुरुस्त करताय तुम्ही. तुम्हाला ठाऊक नाही, असं सांगू नका."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. एक बोल्ट सैल करून पुन्हा आवळायचा. अर्ध्या तासाचं काम."

"मग?"

मिस्त्रीने पलीकडच्या चाकामागे टॉर्च धरली. बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका होता. "आवळून झालं की खूण करायची, हे मीच शिकवलं त्याला. हे त्याच्या हातचं शेवटचं काम आहे, पोरी. माझ्याने पाना उचलवत नाही."

मुलगी त्याच्याशेजारी फरशीवर बसली. तिने त्याचा हात हातात घेतला, पण बोलली ती स्पष्टच.

"बाबा, बारक्या गेला. तिची साखर अशीच राहिली तर तीही जाईल. ठिपका ठेवायचा की आई, ते ठरवा."

गुरुवारी लोक जमले तेव्हा गाडी गॅरेजमधल्या पिटवर, म्हणजे खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर, उभी होती. मिस्त्री पाना घेऊन पुढे आला.

"महाराज, आज एवढंच करा. गाडीपासून तीन पावलं मागे उभे राहा आणि तिथून विचारा."

"आत्म्याची परीक्षा घेतोस?"

"आत्म्याची नाही, तुमची घेतोय."

लोक कुजबुजले. महाराज नाइलाजाने मागे सरले आणि खच्चून ओरडले, "बाळा, आहेस ना आत?" गाडी ढिम्म. त्यांनी पुन्हा विचारलं. गाडी ढिम्मच. मग मिस्त्री उघड्या दारात उभा राहिला, दाराच्या खालच्या पट्टीवर पाय ठेवून त्याने जोर दिला आणि गाडी खाली दबली.

"झगा लांब असला की पाय दिसत नाही," तो म्हणाला.

"अरे, पण गाडी कललेली आहे ती?" महाराज गरजले. "ती काय मी रात्रंदिवस दाबून धरलीय?"

"नाही. तेही दाखवतो."

त्याने किराणा दुकानदाराच्या हाती टेप दिली. चाकावरच्या कमानीपासून जमिनीपर्यंतचं माप दुकानदाराने मोठ्याने वाचलं. चालकाची बाजू चौसष्ट सेंटिमीटर, पलीकडची सहासष्ट. मिस्त्री पिटमध्ये उतरला. खाली त्याने आधी पिवळ्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला, हे फक्त मुलीला दिसलं. मग पाना लागल्याचा आवाज आला, रबर कुरकुरलं, आणि पलीकडची बाजू हळूच खाली बसली. गाडी सरळ झाली.

"सीट बदलली!" महाराजांनी हात उंचावले. "पोरगा पलीकडे सरकला! आईला जागा करून दिली!"

"दुकानदार, चालकाची बाजू पुन्हा मोजा," पिटमधून आवाज आला.

दुकानदार वाकला. "चौसष्ट."

"पलीकडची?"

"तीही चौसष्ट."

मिस्त्री वर आला. "कुणी उठून पलीकडे गेलं असतं, तर ही बाजू वर आली असती. ती तसूभर हललेली नाही. ती दबलेली नव्हतीच. आखूड स्प्रिंगवर जेवढी बसायला हवी तेवढीच बसली होती. पलीकडची बाजू वर अडकली होती. चाकाला धरणाऱ्या दांड्याच्या मुळाशी रबर असतं. गाडी चाकांवर उभी करून मग त्याचा बोल्ट आवळायचा. चाक हवेत लोंबत असताना आवळला, तर गाडी उतरवल्यावर रबर पिळलं जातं आणि ती बाजू पुरती खाली येऊ देत नाही. बस, एवढंच."

"जिथे श्रद्धा नाही..." महाराजांनी सुरुवात केली, पण दुकानदार त्यांच्या पायांकडेच बघत होता. महाराजांनी झगा गोळा केला आणि ते गर्दीतून वाट काढू लागले. त्यांच्या मागे कुणी गेलं नाही.

आई स्टुलावरून उठली. चालकाच्या सीटवर तिने हात फिरवला, पुढून मागे, मागून पुढे.

"मग तो इथे नव्हताच?"

"नव्हता गं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मी रोज त्याच्याशी बोलत बसायचे. जेवलास का विचारायचे. तुम्ही तिथे पाने पुसत ऐकत होतात." तिचा आवाज चढला नाही, आणि ते जास्त वाईट होतं. "मला वेडी होऊ दिलंत. आपण दोघांनी मिळून रडायचं होतं ना हो?"

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. काळ्या हातांनी तोंड झाकून तो पिटच्या काठावर बसला आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा रडला. आई त्याच्याजवळ गेली नाही. ती मुलीकडे वळली, बाही वर केली आणि म्हणाली, "टोच."

लोक पांगायला लागले. शिंपीणबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "मिस्त्री, आम्ही वाईट हेतूने नाही हो केलं. तिला बरं वाटत होतं."

"मलाही तेच वाटलं," मिस्त्री डोळे पुसत म्हणाला. "म्हणून मी बोललो नाही, आणि त्या माणसाने माझ्या गप्प बसण्यावर दुकान थाटलं. काही कललेलं दिसलं तर आधी मोजा. समजलं नाही तर ज्याला समजतं त्याला विचारा. आणि ज्याला समजतं, त्याने तोंड उघडावं, आपलं काळीज फाटलं तरी. माझ्या पोराने घाईत एक बोल्ट चुकीच्या वेळी आवळला. शिकणारं प्रत्येक पोर ही चूक करतं. ती चूक त्याची होती, आणि मला ती प्रिय आहे. बाकी जे काही तुम्ही इथे चार महिने पाहिलंत, त्यात माझा बारक्या कुठेच नव्हता."