दोन आटे

धाकट्याने ट्रकच्या चोकची खुंटी ओढली, तर ती कुठेही न अडता सरळ बाहेर आली. पलीकडे काही ओढलं जात असल्याचा ताणच नव्हता. त्याने सेल्फ मारला. इंजिन थोडा वेळ घुरघुरलं, एकदा खोकलं आणि गप्प बसलं.

"झडपच गेलीय चोकची," शेडच्या दारातल्या स्टुलावरून वडील म्हणाले. "अख्खा कार्ब्युरेटर बदलावा लागणार. आणि तो आता मिळतोय कुठे!"

ट्रक पेट्रोलवरचा, जुना. निम्म्या गावाचे संसार त्यातून इकडचे तिकडे झाले होते. कपाटं, पलंग, रुसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा. तो बंद पडला तेव्हापासून वडिलांनी आवाराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. ताट अर्धं टाकून उठायचे. शेवटी ताईने फोन केला, "तू ये आणि गाडी तेवढी चालू करून दे. माणूस हातचा जाईल अशाने." म्हणून धाकटा रजा काढून आला होता. ताई कामावर गेल्या गेल्या त्याने बॉनेट उघडलं.

एअर फिल्टरचं झाकण काढल्यावर कार्ब्युरेटरच्या तोंडाशीच चोकची झडप दिसली. त्याने ती बोटाने ढकलली, ती अलगद मिटली. सोडल्यावर उघडली. झडप ठणठणीत होती. धाकटा बुचकळ्यात पडला. रस्त्याने जाणाऱ्या गाडीच्या नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं ओळखणारा हा माणूस, आणि स्वतःच्याच गाडीत चुकावा?

मग त्याला केबल दिसली. निसटली असती तर लोंबत राहिली असती. ही नळीमागे नीट खोचून ठेवलेली होती. तिला धरणारा बारका स्क्रूही हरवला नव्हता. आपल्याच भोकात दोन आटे फिरवून बसवलेला होता. काढलेला स्क्रू खिशात टाकायचा नाही, लगेच त्याच्या घरात दोन आटे बसवायचा, हा वडिलांचा नियम. तो शिकताना धाकट्याने पुष्कळ टपल्या खाल्ल्या होत्या. हादऱ्याने सुटलेला स्क्रू काही आपल्या पायांनी परत जाऊन बसत नाही.

त्याने मागे वळून पाहिलं. वडील जमिनीकडे बघत होते.

धाकट्याने केबल जोडली, स्क्रू आवळला.

"बाबा, वर बसून सेल्फ मारा जरा."

"तूच मार."

"मला इथे झडप बघायचीय."

वडील उठले. पायरी पायाने चाचपत केबिनमध्ये चढले. खुंटी ओढून त्यांनी सेल्फ मारला आणि पहिल्याच झटक्याला इंजिन धडधडू लागलं. शेडचे पत्रे थरथरले. धाकट्याला भलताच आनंद झाला. क्षणभर तो स्क्रूचंही विसरला.

"काढा बाहेर! एक चक्कर मारून येऊ."

वडिलांनी गिअरवर हात ठेवला. तो तिथेच राहिला.

"मागे कोणी आहे का?"

"कोणी नाही."

"नीट जाऊन बघ."

धाकटा मागे जाऊन आला. "कोणी नाही, बाबा."

वडिलांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"त्या दिवशी मलाही कोणी दिसलं नव्हतं," ते म्हणाले. "शेजारची बारकी मागच्या चाकाशी बसून खेळत होती. ती किंचाळली म्हणून ब्रेक मारला."

"लागलं तिला?"

"नाही. घाबरून पळाली घरी. कोणाला कळलंही नाही. आरसा स्वच्छ होता रे. मी तीनतीनदा पुसून पाहिला."

"डोळे दाखवू या ना."

"दाखवले तेव्हाच. गेलं ते परत येत नाही म्हणाले डॉक्टर. राहिलंय तेही जाणार." त्यांनी स्टिअरिंगवरून हात काढून मांडीवर ठेवले. "ताईला सांगू नकोस. रस्तासुद्धा ओलांडू देणार नाही ती मला."

"मग गाडी विकून टाकू?"

"विकली तर दहा जण विचारणार, का विकली. बिघडलेल्या गाडीला कोणी काही विचारत नाही."

धाकटा पुन्हा बॉनेटमध्ये वाकला. केबल सोडवणं मिनिटाचं काम. तरी तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. डोळे भरून आले होते आणि वडिलांदेखत ते पुसायचे नव्हते.

दुपारी ताई आली ती पिशवी खांद्यावर तशीच ठेवून शेडमध्ये.

"काय रे, झाली चालू?"

"नाही गं." तो चिंधीला हात पुसत राहिला. "कार्ब्युरेटरच गेलाय. मिळत नाही तो आता."

ताईचा चेहरा पडला. तिने काळजीने वडिलांकडे पाहिलं.

वडील स्टुलावर ताठ बसले होते. "सकाळपासून हेच सांगतोय मी याला," ते जुन्या करड्या आवाजात म्हणाले. "पण ऐकेल तर शपथ!"