तापल्या नळीचा नेम

आमच्या जावयाला धीर म्हणून नाही. कॉफी उकळायच्या आत ओतून घेणार, घोडा थांबायच्या आत उडी मारणार, आणि नेम चुकला की खापर माझ्या डोक्यावर!

मी एक जुनी, आखूड नळीची रायफल आहे, मित्रांनो. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप जागेवर येते. चाप मात्र दर वेळी ओढावा लागतो. खोगिरापाशी सहज मावावी म्हणून कारखान्यात माझी नळी बारीक ठेवली. अमेरिकेतल्या नेवाडातल्या या मेंढवाड्यावर मला आमच्या मालकीणबाईंच्या, म्हणजे जावयाच्या सासूच्या, माइतेनाबाईंच्या नवऱ्याने आणलं. तो होता तोवर माझा थाट होता. तो गेला आणि मी ट्रकच्या सीटमागे धूळ खात पडले. खड्डा आला की खुळखुळायचं, एवढंच काम.

यंदा मेंढ्या विऊ लागल्या आणि एक कोल्ही रोज पिल्लू उचलू लागली. मग रॉइसला, म्हणजे जावयाला, माझी आठवण झाली. त्याने माझ्या पाठीवरच्या नेमाच्या दुर्बिणीचे सैल स्क्रू आवळले, लाकडी दस्ता घट्ट बसवला. खोटं कशाला बोलू, माझी खुळखुळ थांबली. पण मग त्याने कुंपणाला डबा टांगून धडाधड गोळ्या झाडल्या. बारीक नळी ती! तापली, आणि गोळ्या वर वर सरकू लागल्या. त्या तापल्या नळीवरच त्याने दुर्बीण जुळवून नेम खाली आणला.

"बघा आई, डब्याची चाळण केली!"

"डबा कुठे पिल्लं पळवतोय?" बाई म्हणाल्या.

सकाळी गारठ्यात कोल्ही आली. राखणीची कुत्री झूरी तिच्यामागे धावली. रॉइसने मला खांद्याला लावलं. माझी नळी बर्फासारखी गार. 'थांब रे, थांब,' मी आतल्या आत तडफडत होते. गोळी खाली गेली, खडकावर आपटली. कपची उडून झूरीचा पंजा फाटला. कोल्ही पिल्लू घेऊन पसार.

"विकून टाका हे लोखंड!" रॉइस ओरडला. "मी नवी आणतो."

माझा जीव टांगणीला लागला. बाईंनी झूरीचा पंजा बांधला, मग मला सावलीत ठेवलं.

"एक गोळी झाडा. मग बंदूक रिकामी करून इथे ठेवा आणि पावाचं पीठ मळा. नळी गार झाली की दुसरी."

"अख्खा दिवस जाईल, आई!"

"जाऊ दे. कोल्ही काय दुसरी संधी देणार आहे?"

तो दिवस सरता सरेना. रॉइस पीठ मळी, धुसफुसे, एक गोळी झाडी, दुर्बीण किंचित फिरवी, पुन्हा पिठाकडे. त्याच्याइतकीच मीही अधीर झाले होते. खड्ड्यातल्या निखाऱ्यांवर पाव भाजून झाला, तोवर गार नळीची गोळी डब्याच्या मधोमध लागू लागली.

पुढच्या पहाटे कोल्ही पुन्हा आली. एकच आवाज झाला. ती जागीच आडवी झाली.

रॉइस आनंदाने नाचत घरी आला आणि मला कोपऱ्यात टेकवून पावाकडे धावला. बाई स्वयंपाकघराच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"जावईबापू, बंदूक चांगली आहे, नेमही बरा आहे. उतावळे तुम्ही आहात. आधी झूरीला पाव घाला. मग हिला रिकामी करा, पुसा, तेल द्या, खुंटीला टांगा. तुमचं ताट त्यानंतर."